उजवीकडची पेनं

माझी बायको कुमुद गेल्यापासून मुलगा सत्यजीत मला नाशिकला चला म्हणत होता. खांदा कॉलनीतल्या घरात मी एकटा राहणं त्याला पटत नव्हतं. माझं डोकं ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तरच मी इथे राहायचं, असं आमचं ठरलं.

नवीन पनवेलच्या दवाखान्यात माझ्या डोक्याला वायरी चिकटवल्या. यंत्रातून कागद सरकत होता आणि बारीक पेनं त्यावर रेघा काढत होती, डावीकडची मेंदूच्या डाव्या बाजूच्या, उजवीकडची उजव्या.

"काका, सतराची दीडपट किती?"

"साडेपंचवीस," मी लगेच म्हणालो.

मला दिडकीचा पाढा कधीच येत नव्हता. तो कुमुदला पाठ होता.

"तरुणपणी मेंदूची एक बाजू पुरते," दोन्हीकडची पेनं हलताना पाहून डॉक्टर म्हणाले. "वय झालं की दुसरीही मदतीला येते. घाबरू नका."

पुढचा प्रश्न विचारायला त्यांनी नुसतं तोंड उघडलं, तोच उजवीकडची पेनं धावली. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. डॉक्टरांनी सत्यजीतकडे पाहिलं.

"तुम्ही खुणा करताय का?"

"मी कशाला करू? मला तर त्यांना न्यायचंय!"

"काका, आता काही मोजू नका. डोळे मिटून स्वस्थ बसा."

मी बसलो. डावीकडची खरखर थांबली. उजवीकडची चालूच राहिली.

"बाबा, मुद्दाम करू नका हं," सत्यजीत म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, "डॉक्टर, बाबा एकटे राहू शकतील?"

डॉक्टर काही बोलायच्या आत माझं तोंड उघडलं.

"मी ह्यांना एकटं सोडलंय कुठे?"