बायकांची तपासणी

"आता येसूबाईंनी सांगावं," असं वकीलसाहेब म्हणाले, तेव्हा बंदरावरच्या मांडवातली सगळी डोकी एकदम मागे वळली. येसूबाई बायकांच्या घोळक्यात अगदी शेवटी बसली होती. इतक्या माणसांनी एकाच वेळी तिच्याकडे बघायची ही पहिलीच खेप.

एरवी बघायचं काम तिचं. मुंबईची आगबोट आली, उतारूंना घेऊन पडाव धक्क्याला लागले, की पुरुष कंपाउंडरकडे जायचे आणि बायका कुडाच्या आड येसूबाईकडे. ती मानेखाली, काखेत हात घालून गाठ चाचपायची, कपाळाला हात लावून ताप बघायची आणि नाव लिहून घ्यायला विचारायची, "कोनाची गो तू?" नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायला बायका लाजायच्या, मग बरोबरची कोणीतरी सांगायची. प्लेगाच्या साथीत केलेला हा कायदा. साथ केव्हाच गेली, कायदा मात्र घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता.

आता मुंबईत नवं मंत्रिमंडळ आलं होतं, दोनचार पक्षांची मोट बांधून केलेलं. नको झालेले कायदे मोडीत काढायचं त्यांनी म्हणे मनावर घेतलं होतं, आणि नको कुठले ते लोकांनीच, सरकारने धाडलेल्या वकीलसाहेबांपुढे, सांगायचं होतं. झालं! रत्नागिरीकरांना बोलायला निमित्त हवं, ते सरकारने आयतं दिलं. सकाळपासून मांडवात नुसता शिमगा चालला होता. भागोजी व्यापारी म्हणाला, तपासणीपायी उतारू उन्हात तिष्ठतात. म्हातारे डॉक्टर म्हणाले, रोग काय तार करून येतो? त्यावर मागून कोणी ओरडलं, "डॉक्टर, दवाखान्यात कुत्रं येत नाय, म्हनून तर तुमी कायद्याला चिकटलाव!" मांडव खदखदून हसला.

येसूबाई हसली नव्हती. तिला तो कायदा हवा होता, आणि कोणाला सांगता येणार नाही अशा कारणासाठी हवा होता. तिची लेक सगुणा एका पहाटे आगबोटीवरच्या खलाशाबरोबर गेली ती गेली. ना निरोप, ना ठावठिकाणा. घरात दुसरं माणूस नाही. संध्याकाळी चूल पेटवायची तीसुद्धा एका जिवासाठी. पण मुंबईहून येणारी बाई कितीही पदर ओढून आली, तरी कुडाआड तिला थांबावंच लागे, मान वर करावीच लागे. सगुणा कधी ना कधी येणार, आणि आली की आपल्या हाताखालूनच जाणार. येसूबाई त्या एका आशेवर दिवस काढत होती.

म्हणून आज ती खोटं बोलायचं ठरवून आली होती. गेल्या आगबोटीला एका बाईच्या काखेत गाठ लागली, एवढंच सांगायचं. तेवढ्याने कायदा वाचला असता.

पण तिच्या आधी मालन बोलून गेली. मालन मालगुंडची, कडेवर पोर. बायकांतून उभी राहिलेली ती पहिली.

"माजी मोटी भन मुंबयस आसते," ती म्हणाली. "लगीन न लावता ऱ्हायलीय एका मानसाबरोबर. लपवून काय करू? आयशीची आठवन काढून रडते, पन येत नाय. म्हनते, बंदरावर गावचीच बाय अडवनार आनी इचारनार, कोनाची गो तू? काय सांगू तिला? त्यापरास नकोच ता येनं."

मांडवात कोणी हसलं नाही. मालन खाली बसली, आणि येसूबाई आपल्याच हातांकडे बघत राहिली. कितीजणींना तिने तो प्रश्न विचारला होता! आपण दार उघडं ठेवून वाट बघतोय असं तिला वाटत होतं, आणि त्या दारातच ती आडवी उभी होती.

"घाबरू नका," वकीलसाहेब समजुतीने म्हणाले. तपासणी बंद झाली की हिची भाकरी जाणार, हे मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. "इतक्या वर्षांत कोणाच्या अंगाला गाठ लागली का, तेवढं सांगा."

येसूबाई उभी राहिली.

"नाय," ती म्हणाली. "एकीच्यापन नाय." मग जरा थांबून, "काडून टाका तो कायदा. घरला येनाऱ्या बायला कोनी अडवू नये."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोटावर पाय येत असताना खरं बोलायला छाती लागते, असं वकीलसाहेब म्हणाले आणि आपल्या गळ्यातला हार त्यांनी तिच्या हातात दिला. तो घेऊन ती घरी गेली. दाखवायला कोणी नव्हतं. तिने तो खुंटीला अडकवला आणि अंधार पडेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली.

पावसासाठी आगबोटी बंद व्हायच्या आधीच हुकूम आला. कूड निघाला. शेवटच्या आगबोटीचे पडाव लागले, तेव्हा बायका पदर सावरत उतरल्या आणि कोणापुढे न थांबता सरळ बैलगाड्यांकडे चालू लागल्या.

येसूबाई त्याही दिवशी बंदरावर आली होती. वाटेच्या कडेला एका चिऱ्यावर ती बसली होती, येणाऱ्यांकडे पाठ आणि वखारीच्या भिंतीकडे तोंड करून. मागून बांगड्या वाजत होत्या, पावलं जात होती. एकदा कोणाची तरी पावलं तिच्या पाठीशी रेंगाळल्यासारखी वाटली. तिने मांडीवरचे हात घट्ट धरले; मान वळवली नाही.

धोंडू हमाल ट्रंक डोक्यावर घेऊन चालला होता, तो थांबला. "काकी, आता काम नाय तर आलीस कनाला? आनी अशी भिंतीकडं काय बगतंस?"

"जा रे तू," येसूबाई म्हणाली. "मी बगत नाय, येवडं तिला दिसलं म्हंजे झालं."