सात होल्ड

दादरच्या दुकानात सलोनीने क्लाइंबिंगच्या भिंतीवर बसवायचे रंगीत होल्ड एकेक करून हातात घेऊन पाहिले. बोटांच्या टोकांनी धरायचे बारीक होल्ड बाजूला सारून तिने अख्खा पंजा मावेल असे सात निवडले.

"मुलांसाठी ना? वय काय?" दुकानदाराने विचारलं.

"एकोणऐंशी," ती म्हणाली.

उभी हयात अप्पांनी कडे चढण्यात घालवली. लेकीलाही त्यांनीच शिकवलं, खाली उभं राहून, तिचा दोर हातात धरून. आता पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना ते दोनदा पडले होते, पण वॉकरचं नाव काढलं की भडकायचे. भिंतीला स्टीलचा दांडा लावू या म्हटलं, तर "मला म्हातारा समजतेस काय गं?" म्हणून चार दिवस अबोला धरला होता.

रविवारी लालबागच्या घरी सलोनीने स्वतः ड्रिल चालवून पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत सातही होल्ड पक्के बसवले. अप्पा टक लावून बघत होते. मग ते उठले आणि त्यांनी पहिल्या होल्डवर भार टाकून पाहिला.

"पकड झकास निवडलीस," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते. दुसऱ्या होल्डकडे हात नेता नेता त्यांनी सहज विचारलं, "आणि दोर कोण धरणार?"

सलोनी खाली वाकून भिंतीचा चुरा गोळा करू लागली. पुढच्या महिन्याचं कॅनडाचं तिकीट काढून झालं होतं. अप्पांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.