सगळ्यांनी एकदम

“दुपारपर्यंत काय ते सांगा. नको असेल तर काढून नेते,” ओडेट म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या करड्या पेटीचं झाकण लावलं. टेलिफोन कंपनीच्या या बाईने नवी लाइन सकाळीच नमुन्यादाखल जोडून दिली होती. लांब टेबलावर दहा फोन मांडले होते.

अर्लीन कार्व्हरने गार पडलेले हात एप्रनला पुसले. शेडमधले हौद शेवंडांनी खच्चून भरले होते. नाताळ तोंडावर आलेला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरून हा माल जिवंत बोस्टनला पोचवायचा, आणि ऑर्डर घ्यायला आजवर फोन दोनच. इंटरनेट लावलं की त्यातलाही एक बंद.

“त्यापेक्षा गावाने घेतलंय ते केबलचं इंटरनेट घेऊ,” धाकटा भाऊ ड्वेन खोकी बांधता बांधता म्हणाला. धंद्यात त्याचा अर्धा वाटा होता. “निम्म्या पैशात काम होतंय.”

“आणि शाळा सुटली की?” अर्लीन म्हणाली. “गावातली सगळी पोरं त्याच तारेवर. ही लाइन आपल्या एकट्याची आहे. वीस जण एकदम बोलले तरी इंटरनेट चालू राहतं.”

“वीस जण! मालकीणबाई, या गावात शुद्धीवर असलेली वीस माणसं तरी आहेत का?”

ओडेटने तोंड फिरवून हसू दाबलं.

अर्लीन तरातरा कोपऱ्यात गेली आणि तिने बोटींचा वायरलेस उचलला. “सगळ्या बोटींनी ऐका, अर्लीन बोलतेय. स्वयंपाकघरात वायरलेस ऐकत बसलेल्यांनो, तुम्हीही ऐका. आत्ताच्या आत्ता शेडच्या नेहमीच्याच नंबरवर फोन करा. सगळ्यांनी एकदम!”

“वेड लागलंय हिला,” ड्वेन म्हणाला.

एक फोन वाजला. दुसरा वाजला. मग सगळं टेबलच खणखणू लागलं. पेटीवर हिरवे दिवे भराभर उजळत गेले. माल भरणाऱ्या बायका हातमोजे फेकत धावल्या. “लागला! अगं, पहिल्या झटक्यात लागला!” एकजण ओरडली. अर्लीनने कॉम्प्युटरवर ऑर्डरचं पान उघडलं. तेही झरझर उघडलं.

नाइलाजाने ड्वेननेही एक फोन घेतला. “कोण, पर्ली? काय पाहिजे? काही नको? मग ठेव की बाई!” त्याने पुढचा उचलला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. “बोस्टन? हो... हो साहेब, आम्हीच.” कागद सापडेना, म्हणून तो खोक्यावरच लिहू लागला. मग फोनवर हात ठेवून बहिणीकडे वळला. “हॉटेलवाला आहे. म्हणतो, गेल्या नाताळात तुमचा नंबर फिरवून फिरवून बोट दुखलं, शेवटी माल दुसऱ्याकडून घेतला.”

अर्लीन वाकून खोक्यावरची ऑर्डर बघू लागली.

“बघतेस काय? लाइनच्या कागदावर सही कर!” तो ओरडला. “आणि ओडेटबाई, त्या पेटीला आता हात लावायचा नाही!”

अर्लीनने जागच्या जागी उडी मारली. टेबलाच्या टोकाचा फोन अजून कुणी उचलला नव्हता. हसत हसतच तिने तो कानाला लावला.

“अर्लीन?”

“आई? तू?”

आई खाडीपलीकडच्या बेटावरून बोलत होती. “वायरलेसवर ऐकलं. म्हटलं, आपणही करून बघावा. दिवसा कधी लागतच नाही गं तुझा फोन. काम तसं काहीच नव्हतं. ठेवू?”

अर्लीनने पायानेच एक रिकामं खोकं ओढलं आणि त्यावर टेकली. शेडभर फोन वाजत होते.

“नको ठेवूस,” ती म्हणाली. “बोल.”