निळी खाच

अल्मास नोकरीला बंगळूरला गेली, तेव्हापासून महमूदभाई भिंगारच्या घरात असरच्या नमाजनंतर तिच्याच गेम कन्सोलवर क्रिकेट खेळायचे आणि तो खेळ कॅप्चर कार्डने लॅपटॉपवर घेऊन इंटरनेटवर लाईव्ह दाखवायचे. बघणारी एकटी लेकच. पण चित्र सारखं अटकायचं आणि तिचा फोन यायचा. "अब्बा, रिझोल्यूशन कमी करा. बाकीचं सगळं बंद करा." त्या नादात चहा, जेवण, गुडघेदुखी, साऱ्याची विचारपूस व्हायची. मग एकदा तिने सांगितलं, "कॅप्चर कार्डची वायर काढून लॅपटॉपच्या निळ्या खाचेत घाला." घातली, आणि चित्र झुळझुळ वाहू लागलं. त्या दिवसापासून फोन थांबले; शाबासकीचा अंगठा तेवढा पडद्यावर उमटायचा. आठव्या दिवशी महमूदभाईंना राहवेना. चोरासारखं इकडेतिकडे बघत त्यांनी वायर जुन्या खाचेत घातली. इतक्यात फोन वाजला. "अब्बा, आज चित्र फारच अटकतंय." महमूदभाईंनी अजून न उघडलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. "व्हय गं, लईच अटकतंय."