पाणवठ्यावरची वाघीण

जंगलात दोन जिप्सी समोरासमोर आल्या की एकच प्रश्न, "वाघ दिसला का?" सकाळपासून तो ऐकून आमच्या ह्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांच्या हातभर लांब लेन्सला वानरांपलीकडे काही मिळालं नव्हतं.

या वेळी विचारणारे रिसॉर्टमधले शेजारी होते, काल त्यांना दिसलेला वाघ तेव्हापासून मिरवणारे. हे एकदम खुलले. "अहो, आत्ताच! मागच्या पाणवठ्यावर वाघीण, दोन बछड्यांसकट!" आमचा गाइड आभाळाकडे बघू लागला. त्यांची जिप्सी धुरळा उडवत सुटली. "बसू देत चिखलाकडे बघत," म्हणत हे पोट धरून हसले.

दुपारी जेवताना शेजाऱ्यांनी येऊन ह्यांचा उष्टा हातच धरला. "काय सांगू! अगदी तुम्ही म्हणालात तशीच वाघीण, दोन बछड्यांसकट!" त्यांच्या मोबाइलवर ती पाण्यात बसून बछड्यांना चाटत होती. "आता तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यातले फोटो दाखवा की."

ह्यांना ठसका लागला. "कॅमेरा खोलीत चार्जिंगला लावलाय," हे पुटपुटले.

"आणते ना मी," पापड मोडत मी म्हटलं. "मलाही बघायचीय ती वाघीण."