चौथी तबकडी

"त्या बाजूला घड्याळ बघणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला.

घड्याळवाली बाई हसली नाही. नगरभवनाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ राखायचं काम तिच्याकडे सासऱ्यांपासून चालत आलेलं. मनोऱ्याला बाजू चार, तबकड्या मात्र तीनच. चौथ्या बाजूला दगडाचं नुसतं कडं होतं आणि आतला गोल विटांनी बुजवलेला.

"बांधणाऱ्याने चार योजल्या होत्या, साहेब. कड्यावर बारा खाचा कोरल्यात, वर चढून बघा. पुढे नगरसभेनेच हात आखडता घेतला."

का घेतला, ते गावाला पाठ होतं. तिकडच्या लोकांना वेळ कळून करायचंय काय, त्यांना कुठे गाडी गाठायचीय, असं तेव्हाच्या एका सभासदाने म्हटलं होतं. अध्यक्षांनी तेच वाक्य आपलंच असल्यासारखं पुन्हा ऐकवलं आणि विषय पुढे ढकलला.

बाई मागे हटणारी नव्हती. दर सभेला ती पहिल्या बाकावर हजर. इमारत बघायला पाहुणे आले की आपणहून पुढे होऊन खालच्या काळ्या दगडाच्या कमानी दाखवायची, रंगीत काचा दाखवायची, नागमोडी जिना दाखवायची आणि शेवटी सगळ्यांना मागच्या बाजूला न्यायची. "एवढी देखणी इमारत," म्हणायची, "आणि मागून बघाल तर डोळ्याला पट्टी बांधलेली." पाहुणे हळहळायचे. तेच पुढे अध्यक्षांना भेटून विचारायचे, चौथं घड्याळ का नाही?

शेजारीण म्हणाली, या वयात मनोरा चढायचा हा कसला सोस? त्यापेक्षा लेकाला बोलावून घ्या, किती दिवस लांब ठेवणार?

"येईल," बाई म्हणाली. "वेळ लागेल."

शेवटी अध्यक्षच टेकीला आले. लावा एकदाची तबकडी, म्हणाले, पण माझ्या डोक्यावर मिरे वाटू नका. बाईने विटा काढवल्या, दुधी काच बसवली. आकडे इतर तिन्ही बाजूंपेक्षा मोठे घेतले. काटे मात्र तिने स्वतः चढवले, तिथे कोणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी खाली उतरली तेव्हा तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलंही नाही.

अध्यक्ष कौतुकाने मागे जाऊन बघून आले. आल्यावर मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाले, "बाई, ही दहा मिनिटं मागे आहे."

"जुनं यंत्र आहे."

"मग नीट करा."

"त्या बाजूला बघणार कोण, साहेब?"

आपलेच दात आपल्याच घशात गेलेले पाहून ते मोकळेपणाने हसले आणि निघून गेले. एकाच यंत्रावर चारही बाजूंचे काटे फिरतात, मग तीन वेळेवर आणि एकच मागे कसा, हे त्यांनी खरं तर विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

पुढच्या आठवड्यात बाई तुरुंगाच्या अंगणात जाळीपाशी बसली होती. जाळीपलीकडे तिचा लेक. रांगेत नंबर उशिरा लागो की लवकर, पाचला सगळ्यांना बाहेर काढायचे. आतल्या शिपायाजवळ घड्याळ नसायचं. तो सावली बघून अंदाज बांधायचा, आणि त्याचा अंदाज नेहमी घाईचाच. मागच्या खेपेला लेकाचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. आज ते तो पुन्हा पहिल्यापासून सांगत होता, अडखळत, आणि बाईच्या मनगटावर पाच वाजले. शिपाई उठला. त्याने मान वर करून भिंतीपलीकडच्या मनोऱ्याकडे पाहिलं आणि परत स्टुलावर टेकला.

"बोला मावशी, सावकाश बोला," तो म्हणाला. "अजून दहा मिनिटं आहेत."