शाल्मलीने दाखवलेलं चित्र

विज्ञान प्रदर्शनात नववीतल्या शाल्मलीने मोठ्या ऐटीत आईच्या डोक्यावर मेंदूच्या स्कॅनची टोपी चढवली. स्वतःकडे वळवलेल्या पडद्यावर पेशींमधले ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया केशरी उजळले, पण आठवणी साठवणारा कोपरा काळाच राहिला. अल्झायमरची सुरुवात अशीच दिसते, हे शाल्मलीनेच सकाळपासून सगळ्यांना घडाघडा सांगितलं होतं!

"काय गं, मेंदू आहे ना, की नुसताच भुसा?" पलीकडून आईने विचारलं.

शाल्मलीने पटकन स्वतःच्या मेंदूचं कालचं चित्र लावलं आणि पडदा वळवला. "बघ, नुसती दिवाळी आहे!"

आईचं हसू मावळलं. तिने शाल्मलीचा गार पडलेला हात धरला.

"हे माझं नाही, शालू. माझं मी दवाखान्यात पाहिलंय. मलाही खूप भीती वाटतेय गं."